नकलेने पाठवलेले सतरा मेसेज

ताईचा धाकटा भाऊ गेला त्याला आता सात महिने होतील. तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत संपलं. अजून कोणी ना कोणी दारात येतं, पाणी पितं आणि मग हळूच ताईला विचारतं, "तो हॉस्पिटलात होता ना, पण करायचा काय नेमकं?" डॉक्टर नव्हता, कंपाउंडर नव्हता, जन्मात कोणाची नाडी त्याने बघितली नाही. एका वाक्यात सांगायला जावं तर ताईची जीभ अडते. म्हणून ती त्या शुक्रवारचीच गोष्ट सांगते. अर्धी तिने डोळ्यांनी बघितलेली, अर्धी त्याने रात्री जेवताना सांगितलेली.

हॉस्पिटलच्या तळघरात दोन खोल्या. एक लॉन्ड्री, तिथे ताई सव्वीस वर्षं चादरी आणि ऑपरेशनचे कपडे धुते. मधे एक भिंत, आणि पलीकडे धाकट्याची खोली, मशीनची. ताईच्या बाजूला वाफ, घामाच्या धारा. त्याच्या बाजूला एवढी थंडी की भर उन्हाळ्यात माणूस स्वेटर घालून बसायचा. लिफ्टवाला म्हणायचा, एका आईची दोन लेकरं, एक उकडतंय आणि एक गोठतंय. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. तिची शाळा चौथीत सुटली, त्याची तिने सुटू दिली नाही.

त्याच्या त्या खोलीत हॉस्पिटलचा डेटाबेस होता. म्हणजे एक वही समजा, पण अख्ख्या हॉस्पिटलची. कोण कुठल्या खाटेवर, कोणाचं रक्त कुठलं, कुठली पिशवी कोणाला लावली, कोणाला कुठलं औषध चालत नाही, कोण जन्मलं, कोण गेलं. वरच्या पाच मजल्यांवर दोनशे माणसं दिवसरात्र त्या एकाच वहीत लिहायची आणि वाचायची, आणि ती वही उघडी ठेवायची जबाबदारी याची. ती पाच मिनिटं मिटली तरी ऑपरेशनच्या टेबलावर असलेल्या माणसाला कुठलं रक्त द्यायचं ते कोणाला कळणार नाही. हे त्याच्या डोक्यात चोवीस तास असायचं. म्हणून तो सगळं हळू करायचा. त्याचं नावच हॉस्पिटलात सावकाश पडलं होतं. आणि त्याचा जोडीदार, बत्तीस वर्षांचा, चांगला हुशार माणूस, पण बोलता बोलता पुढे पळणारा, त्याचं नाव पटकन. सावकाश आणि पटकन. त्यांच्या खात्याचे साहेब म्हणायचे, देवाने दोघांना एकाच खोलीत टाकून मापं सारखी केली.

तर हॉस्पिटलात नवीन प्रोग्राम येणार होता. तो आधी खऱ्या वहीवर चालवून बघायचा नसतो, बिघडलं म्हणजे माणसं मरतील. मग काय करायचं, त्या वहीची हुबेहूब नक्कल काढायची, दुसऱ्या मशीनवर ठेवायची, आणि सगळे प्रयोग नकलेवर करायचे. पण वही तर मिटता येत नाही. ती चालू असतानाच तिची प्रत काढायची. त्याला म्हणतात हॉट बॅकअप.

"गरम काय असतं त्यात?" ताईने एकदा विचारलं होतं.

"गरम म्हणजे चालू," तो म्हणाला. "तू समज, चादरी मोजायला बसलीस आणि ट्रॉली काही थांबत नाही. तू इकडून मोजतेस, तिकडून धुतलेल्या वर जातात, मळलेल्या खाली येतात. तुझा आकडा खरा कसा ठरेल?"

"नाही ठरणार. मी आत किती आल्या, बाहेर किती गेल्या त्याची चिठ्ठी ठेवते. मोजून झालं की चिठ्ठी लावते."

"बस. हेच करतो मी. पानं उतरवून घेतो, आणि उतरवताना कोणी काय लिहिलं त्याची चिठ्ठी ठेवतो. मग नकलेला चिठ्ठी लावली की सगळी पानं एकाच वेळेवर येऊन उभी राहतात."

"मग तुला पगार जास्त का?" ताई म्हणाली, आणि तो पोट धरून हसला.

पण खरी मेख पुढे आहे. नक्कल उघडली की तिला माहीत नसतं की आपण नक्कल आहोत. तिला वाटतं, आपणच हॉस्पिटल. खरी वही जे जे करते ते ती करायला लागते. उद्या ज्यांची तपासणी त्यांना आज मेसेज पाठवणं, औषधाची मागणी कळवणं, सगळं. म्हणून तिला उघडायच्या आधी आवरून घ्यावं लागतं. वेळ झाली की आपोआप सुटणारी कामं बंद करायची. मेसेजचं दार बंद करायचं. नाव बदलायचं. त्यासाठी धाकट्याकडे एक कागद होता, एकतीस ओळींचा, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. नियम असा की एकाने ओळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने करायचं आणि म्हणायचं "केलं", मगच वाचणाऱ्याने टिक करायची.

पटकनला ते जमायचं नाही. तो तीन ओळी एका दमात वाचायचा आणि वाचता वाचताच टिक मारून मोकळा व्हायचा. धाकट्याने त्याला कितीदा सांगितलं, "अरे बाबा, टिक झालेल्याची असते, होणाऱ्याची नाही." तो म्हणायचा, "दादा, होणारच आहे ना?"

त्या शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसपर्यंतची प्रत निघाली. वर तिसऱ्या मजल्यावर नवीन प्रोग्राम शिकवणारी माणसं येऊन बसली होती, त्यांना बारापर्यंत नक्कल पाहिजे होती. साहेब तीनदा खाली येऊन गेले. आले की खुर्चीच्या मागे उभे राहायचे, घड्याळ बघायचे. मागे उभं राहिलेलं माणूस धाकट्याला कधी सोसलं नाही, पण बोलणार कोणाला.

अकरा वाजता ते एकविसाव्या ओळीवर होते. पटकनने बाविसावी, तेविसावी, चोविसावी एका श्वासात वाचली. तेवढ्यात फोन वाजला. रक्तपेढीतून. म्हणे इथे स्क्रीन फार हळू चालतोय, वर माणूस टेबलावर आहे. धाकट्याने सगळं तसंच टाकलं आणि खऱ्या वहीकडे वळला. दहा मिनिटं गेली त्यात. ते निस्तरलं, कपाळ पुसलं आणि विचारलं, "कुठे होतो आपण?"

पटकनने कागदाकडे बघितलं. चोवीसपर्यंत टिका होत्या.

"पंचवीस," तो म्हणाला.

तीन ओळी राहून गेल्या. कोणी खोटं बोललं नाही, कोणी आळस केला नाही. तीन टिका वेळेच्या आधी पडल्या, एवढंच. बारा वाजून पाच मिनिटांनी नक्कल उघडली आणि तिसऱ्या मजल्यावर दिली. साहेब म्हणाले, "वा." धाकटा म्हणाला, "बघू."

एक बावन्नला पुन्हा फोन वाजला. तेव्हा ताई डबा घेऊन दारात उभी होती, दोघं रोज दोनला एकत्र जेवायची. फोन डायलिसिसच्या मोठ्या सिस्टरचा.

"अहो, उद्याचं डायलिसिस तुम्ही रद्द केलंत का?"

"मी कशाला रद्द करू?"

"मग हे काय? माझे दोन पेशंट विचारतायत, हॉस्पिटलच्या नंबरवरून मेसेज आलाय म्हणून. उद्याचं रद्द, मंगळवारी या. मंगळवारी यायला जिवंत राहतील का हो ते?"

ज्यांची किडनी काम करत नाही त्यांचं रक्त मशीनने साफ करावं लागतं, दिवसाआड. ही मंगळवार, गुरुवार, शनिवारची माणसं. शनिवार चुकला तर गुरुवार ते मंगळवार पाच दिवस. अंगात पाणी साठत जातं, ते फुफ्फुसात शिरतं, आणि माणूस कोरड्या खाटेवर बुडतो.

वर शिकवणाऱ्यांनी सरावासाठी नकलेत शनिवारची सगळी यादी रद्द करून बघितली होती. त्यांची काही चूक नाही, नक्कल त्यासाठीच असते. पण नकलेचं तोंड कोणी बांधलंच नव्हतं. ती आपली इमानदारीने एकेकाला कळवत सुटली होती. यादीत चव्वेचाळीस माणसं. मिनिटाला दोन मेसेज.

"नक्कल बंद करतो," धाकटा म्हणाला आणि स्क्रीनकडे वळला, आणि त्याचा हात तिथेच थांबला.

स्क्रीनवर दोन खिडक्या. दोन्ही काळ्या. दोन्हींच्या डोक्यावर एकच नाव. कारण नाव बदलायची ती चोविसावी ओळ. तीही राहिली होती. मशीनचं नाव विचारावं तर दोन्ही मशीन एकाच साच्यातून काढलेल्या, नाव तेच. डावी खरी, उजवी नक्कल, असं त्याला वाटत होतं. पण रक्तपेढीच्या फोनच्या गडबडीत त्याने खिडक्या हलवल्या होत्या, बंद केल्या होत्या, पुन्हा उघडल्या होत्या. वाटणं वेगळं. वर तीन ऑपरेशनं चालू होती.

साहेब जिना उतरून धापा टाकत आले, त्यांनाही फोन गेला होता. "काय बघत बसलायस? बंद कर ना."

"कोणती ते बघतोय."

"उजवी. तू नेहमी उजवी ठेवतोस."

"नेहमी ठेवतो. आज ठेवली का?"

"अरे मेसेज जातायत रे. एकेका मेसेजमागे एक माणूस हातचं जातंय."

"मोजतोय मी, साहेब. बारा गेले."

साहेब मागच्या मशीनच्या कपाटाकडे निघाले, वायर उपटायला. धाकट्याने खुर्चीतूनच त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात साहेबाला कधी हात लावला नव्हता त्याने. "त्या कपाटात खालची कोणती, वरची कोणती, तुम्हाला माहीत आहे? मलाही आत्ता खात्री नाही. चुकीची उपटली तर वर टेबलावर तीन माणसं आहेत."

पटकन भिंतीला टेकून उभा होता, कागद हातात, ओठ पांढरे. त्याला सगळं कळलं होतं. त्याच्याकडून आता वाचून होणार नव्हतं. धाकट्याने दाराकडे बघितलं.

"ताई, इकडे ये. डबा ठेव खाली."

"मी काय करू?"

"वाच. मी विचारतो, स्क्रीनवर काय येतं ते तू मोठ्याने वाच. एकेक आकडा."

"मला हळू वाचता येतं रे."

"हळूच पाहिजे."

नक्कल सकाळी नऊ चाळीसला थांबलेली. त्याच्यानंतर हॉस्पिटलात काय झालं ते तिला ठाऊक असणं शक्यच नाही. शिकवणाऱ्यांनी डायलिसिसची पानं चिवडली असतील, पण बाळंतपणाच्या पानाला कोणी हात लावणार नव्हतं. त्याने दोन्ही खिडक्यांना एकच प्रश्न घातला. शेवटचं मूल केव्हा जन्मलं?

डाव्या खिडकीत ओळ आली. ताईने चष्मा पुढे ओढला, बोट काचेवर ठेवलं. "मुलगा. नऊ... एकतीस. वजन तीन... एक."

"उजवी."

"मुलगी. तेरा... बावीस. वजन दोन, नऊ."

तेरा बावीस म्हणजे दुपारचे एक बावीस. अर्ध्या तासापूर्वी वर कोणाला तरी मुलगी झाली होती, आणि ते उजवीला माहीत होतं. उजवी खरी. ज्या उजवीवर साहेब बोट दाखवत होते, ज्या उजवीवर त्याचा हात जाणार होता, ती.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.

साहेबांनी डोकं धरलं. "अरे वाचलं ना तिने."

"पुन्हा वाच, ताई."

तिने पुन्हा वाचलं. तेच आलं. मग त्याने डाव्या खिडकीत बोट नेलं, आज्ञा लिहिली, ताईकडून डावीचा आकडा तिसऱ्यांदा वाचून घेतला आणि बटण दाबलं. नक्कल बंद झाली. एक सत्तावन्न. लगेच रक्तपेढीला फोन लावला, "स्क्रीन चालू आहे का तुमचा?" पलीकडून उत्तर आलं, "चालू आहे, का, काय झालं?" तेव्हा कुठे त्याने फोन खाली ठेवला.

सतरा मेसेज गेले होते. त्यातले पाच तो आणि ताई वाचत बसले तेवढ्या वेळातले. हे त्याने नंतर साहेबांना स्वतःच सांगितलं. साहेबांनी विचारलं होतं, चूक कोणाची? पटकनने तोंड उघडलं, पण धाकटा आधी म्हणाला, "यादी माझी, हात माझा. कोणाची ते लिहायचं तर माझी लिहा." पटकन अजून त्याच खोलीत आहे. आता तोच ओळ वाचतो आणि तोच थांबतो, समोरून "केलं" येईपर्यंत. लोक म्हणतात तो दादासारखा हळू झालाय. ताई भिंतीपलीकडून त्याचा आवाज ऐकते आणि तो ऐकू येऊ नये म्हणून धुण्याची मशीन चालू करते.

त्या दुपारी साहेबांनी त्या सतरा जणांना दुसरा मेसेज पाठवायला लावला, आधीचा चुकीचा, उद्या या. धाकटा म्हणाला, "ज्या तोंडाने खोटं गेलं त्याच तोंडाने खरं पाठवलं तर माणसाने मानायचं कोणतं? फोन करू." आणि तो, पटकन आणि मोठ्या सिस्टर, तिघं फोनला बसले. तपशील काय सांगायचा, एका आजींनी तर धाकट्यालाच झापलं. म्हणाल्या, "मला वाचता येत नाही आणि माझ्या सुनेला माझा फोन बघायची हौस नाही. मी उद्या येणारच होते. तुम्ही उगाच माझी झोपमोड केलीत."

तीन वाजून गेले तोवर सोळा जण सापडले. सतरावा एक शिंपी. फोन बंद. कागदावर दुसरा नंबर होता शेजारच्या दुकानदाराचा.

"ते? ते तर गेले हो बस स्टँडवर," दुकानदार म्हणाला. "मेसेज आला तसे नाचायला लागले दोघं. दोन वर्षांत लेकीकडे जाता आलं नव्हतं. चार दिवस सुट्टी मिळाली म्हणाले. सव्वाचारची गाडी आहे. सहा तासांचा रस्ता."

तिथे जाऊन पोचला की संपलं. छोटं गाव, डायलिसिसची मशीन नाही. बस स्टँडच्या चौकशीचा फोन वाजत राहिला, उचलला कोणी नाही.

"मी जातो," धाकटा म्हणाला.

"ओळखशील कसा?" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "थांब. त्याच्या सगळ्या शर्टांच्या डाव्या बाहीला लांब चेन आहे, मनगटापासून कोपरापर्यंत. सुई लावायला बाही वर करावी लागू नये म्हणून स्वतःच शिवलीय. इथे चार जणांना फुकट शिवून दिली त्याने."

ताई अॅप्रनसकट स्कूटरवर मागे बसली. एरवी रस्ता मोकळा असला तरी तीसच्या पुढे न जाणारा तिचा भाऊ, त्या दिवशी तिने त्याचा स्वेटर दोन्ही मुठींनी धरला होता. चार वाजून सात मिनिटांनी ते स्टँडवर पोचले. अकरा गाड्या उभ्या. धाकटा एका बाजूने, ताई दुसऱ्या बाजूने, माणसांची तोंडं न बघता नुसत्या बाह्या बघत. लोकांना वाटलं असेल पाकीटमार शोधतायत.

ताईला दिसला. शेवटून दुसऱ्या गाडीत, खिडकीजवळ. वाळका, मिशा पांढऱ्या, मांडीवर पिशवी, आणि डाव्या बाहीवर पितळी चेन. बाजूला त्याची बायको. ताईने हाक मारली तसा धाकटा गाडीत चढला.

"काका, मी हॉस्पिटलातून आलो. उद्या तुम्हाला यायचंय."

शिंप्याने त्याला खालून वर बघितलं. उन्हात स्वेटर घातलेला माणूस, घामाने थबथबलेला. "उद्याचं रद्द आहे."

"नाही. तो मेसेज चुकून गेला."

"माझ्याकडे लेखी आहे." त्याने पिशवीतून फोन काढला, चालू केला. टिंग करून आणखी एक मेसेज येऊन पडला. शिंप्याने दोन्ही वाचले, फोन लांब धरून. "हा म्हणतो रद्द. हा म्हणतो या. नंबर एकच. यातला शहाणा कोणता?"

"दुसरा."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"कारण पहिला माझ्या हातून गेला. आमच्याकडे हॉस्पिटलच्या वहीची एक नक्कल केली होती सरावाला. तिला गप्प करायचं मी विसरलो. ती बोलली. हॉस्पिटल नाही बोललं."

"नक्कल," शिंपी म्हणाला. "नमुन्याला शिवलेला सदरा गिऱ्हाईकाला दिलात म्हणा."

"तसंच."

"मग तुमचं दुकान बंद झालं पाहिजे."

"हो," धाकटा म्हणाला. "ते नंतर. आधी तुम्ही उतरा."

शिंपी उतरेना. खिडकीबाहेर बघत राहिला. कंडक्टर आला, म्हणाला, "उतरायचं का जायचं ते ठरवा, मला घंटी मारायचीय." शिंपी म्हणाला, "दोन वर्षं झाली. दिवसाआड तिथे झोपायचं, दिवसाआड उठायचं. आज पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, जा बाबा, चार दिवस तुझे. आणि आता हा म्हणतो चुकून म्हणालो. नात पाच वर्षांची झाली. तिने गादी घालून ठेवलीय माझी तिच्या शेजारी. तिला काय सांगू?"

धाकट्याचं जे खरं होतं ते सांगून झालं होतं, आणि दुसरं काही त्याला सांगता येत नसे. तो तसाच दांडी धरून उभा राहिला. बोलली ती शिंप्याची बायको, नवऱ्याकडे न बघता, पिशवीचे बंद आवळत.

"गेल्या वर्षी एक दिवस चुकला होता तुमचा. रात्रभर बसून काढलीत. आडवं होता येत नव्हतं, दम कोंडत होता. मी वारा घालत होते आणि तुम्ही माझा हात मोडेल एवढा दाबून धरला होता. मला नातीसमोर ते नको. उतरा."

ती उठली. मग तोही उठला. खाली उतरल्यावर धाकट्याने रिक्षा बोलावली, पण शिंपी म्हणाला, "आम्ही आमचे जाऊ. उद्याचं उद्या बघू." आणि दोघं फाटकाकडे चालायला लागली. त्याला अडवता येत नव्हतं. जबरदस्तीने कोणाला मशीनला जोडत नाहीत.

रात्री धाकटा जेवला नाही. ताईने विचारलं तर म्हणाला, "नक्कल बंद करता आली, ताई. त्या माणसाच्या डोक्यात जे गेलं ते कसं बंद करू?"

शनिवारी सातला डायलिसिस सुरू होतं. पावणेसातपासून तो त्या वॉर्डच्या दाराशी बाकावर बसला होता, हातात सतरा नावं. ताईची पाळी सातची, पण तीही वरच थांबली, चादरींची ट्रॉली घेऊन, उगाच. एकेक येत गेलं. झापणाऱ्या आजी आल्या, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "हा कोण, वॉचमन का?" सात वाजले. सोळा नावांवर टिक झाली. सव्वासात. मोठ्या सिस्टरने एक मशीन रिकामी धरून ठेवली. साडेसात. त्या बाहेर आल्या, लिफ्टकडे बघून आत गेल्या.

सात पस्तीसला लिफ्ट उघडली. शिंपी आणि त्याची बायको. शिंपी रात्रीत आणखी म्हातारा दिसत होता, पाय सुजलेले. धाकट्याकडे न बघता तो आत गेला, खाटेवर बसला, बाहीची चेन सर्रकन उघडली. सिस्टरने सुया लावल्या. नळ्या लाल झाल्या, मशीन फिरायला लागली. धाकट्याने सतराव्या नावावर टिक केली आणि जायला वळला.

"ए, सावकाश," आतून हाक आली. नाव त्याला कोणी सांगितलं देव जाणे. "इकडे ये. जातोस कुठे? काल लेकीला फोन केला, नात फुगून बसलीय. माझ्याशी बोलत नाही. तू बोल."

"मी?"

"चूक कोणाची? मग बोलायचं कोणी?"

बायकोने नंबर लावून फोन धाकट्याच्या हातात दिला. ताईने त्याला काल तीन ऑपरेशनं डोक्यावर असताना बघितलं होतं, पण एवढा घाबरलेला नव्हता बघितला. पलीकडून बारीक आवाज आला. "कोण?"

"मी... हॉस्पिटलात खाली बसतो. तुझे आजोबा काल येणार होते ना. ते माझ्यामुळे राहिले. चूक माझी आहे, त्यांची नाही."

"तू मुद्दाम केलंस?"

"नाही. विसरलो."

"मग आता कधी येणार?"

धाकटा थांबला. फोन छातीशी धरला. सिस्टरकडे बघून विचारलं, उद्या रविवारी निघून सोमवारी परत, यांना जाऊन-येऊन बारा तास प्रवास चालेल का? सिस्टर म्हणाल्या, पुढचं मंगळवारी आहे, सोमवारी परत येऊन आराम केला तर चालेल, पाणी मोजून प्यायचं. त्याने बायकोला विचारलं, सकाळची गाडी कितीला? सहाला. परतीची? सोमवारी सकाळी नऊ. शिंप्याकडे बघितलं. शिंप्याने मान डोलावली. मग सिस्टरला पुन्हा विचारलं, "सोमवारी तीनला परत आले तर चालेल ना?"

"चालेल हो, कितीदा सांगू?"

त्याने फोन कानाला लावला. "उद्या. दुपारी बारापर्यंत पोचतील. एक रात्र तुझ्याशेजारी झोपतील आणि सोमवारी सकाळी परत."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला.